विद्यापीठातले कामकाज, ज्ञान व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांची गुंतवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठांत आणि संलग्न महाविद्यालयांत काम करणारे लिपिक, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव आणि या विषयावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांची आहेत. भर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांवर आहे, कारण विद्यापीठाच्या कामाबद्दल बोलताना सगळ्यात कमी बोलले जाते ते त्यांच्याबद्दल.

ज्ञान व्यवस्थापन म्हणजे नेमके काय? आमच्याकडे फाइली, रजिस्टरे, परिपत्रके सगळे आहेच की.

फाइलीत निर्णय काय झाला ते सापडते. तो का झाला, कोणत्या पर्यायावर काट मारली गेली, तसेच प्रकरण पुन्हा आले तर आधी काय तपासायचे, हे सहसा फाइलीत नसते. ते टिप्पणी लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. कागदावरचे आणि डोक्यातले, हे दोन्ही गरज पडेल त्या दिवशी, गरज असलेल्या माणसाला, त्याने चार टेबलांवर चकरा न मारता मिळावे, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे ज्ञान व्यवस्थापन. त्यात कपाटे, सॉफ्टवेअर, माहितीपुस्तिका येतात. पण सगळ्यात मोठा वाटा येतो तो दोन माणसांनी शेजारी बसून काम करण्याचा.

आणि कर्मचाऱ्यांची गुंतवणूक? ती म्हणजे वाढदिवसाला केक आणि वर्षातून एकदा स्नेहसंमेलन का?

केक जरूर कापावा, पण त्याने कोणी कामात गुंतत नाही. इथे गुंतवणूक म्हणजे पैशांची नव्हे, तर माणसाचे कामात मनापासून गुंतणे, इंग्रजीत ज्याला एम्प्लॉयी एंगेजमेंट म्हणतात ते. या विषयावरचे अजूनही आधाराला घेतले जाणारे काम विल्यम कान यांचे आहे. १९९० मध्ये त्यांनी एका उन्हाळी शिबिरातल्या कार्यकर्त्यांचा आणि वास्तुरचनाकारांच्या एका कार्यालयाचा अभ्यास केला आणि माणूस कामात मनापासून उतरतो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात, असे मांडले. कामाला काही अर्थ आहे असे त्याला वाटते. खरे बोललो तर आपले नुकसान होणार नाही, याची खात्री असते. आणि अंगात तेवढे त्राण उरलेले असते.

परीक्षा विभागात या तिन्ही गोष्टी लावून पाहा. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत थांबणाऱ्या लिपिकाला काम निरर्थक वाटते असे सहसा होत नाही. निकाल थांबला तर कोणाचा प्रवेश बुडेल हे त्याला नीट ठाऊक असते. अडते ते उरलेल्या दोन गोष्टींवर. चूक दाखवली तर 'तुम्हाला कोणी विचारले होते का' असे ऐकावे लागते, आणि तीन माणसांचे काम एकाच्या टेबलावर आलेले असते.

हे सगळे कंपन्यांचे शास्त्र आहे. विद्यापीठाला त्याची गरज काय?

कंपनीपेक्षा जास्त आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, नागपूरचे १९२३ चे, पुण्याचे १९४९ चे. या विद्यापीठांच्या दारात आजही तीस-चाळीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेली माणसे येतात, आणि त्यांची नोंद शोधून देणे विद्यापीठाला बंधनकारक असते. इतक्या जुन्या ग्राहकाचे काम क्वचितच एखाद्या कंपनीला करावे लागत असेल.

दुसरे असे की एका वेळी अनेक नियम जिवंत असतात. अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या पॅटर्नचे राहिलेले विषय घेऊन विद्यार्थी पुढे काही वर्षे परीक्षेला बसतच असतो. त्यामुळे आज एकाच टेबलावर जुन्या वार्षिक पद्धतीचे प्रकरण, श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीचे प्रकरण आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या रचनेचे प्रकरण अशी तिन्ही येऊ शकतात. उत्तीर्ण होण्याची अट, सवलतीचे गुण, श्रेणी काढण्याची रीत प्रत्येकात वेगळी. ही माहिती कोणाकडे आहे यावर कामाचा वेग ठरतो. टेबलावर किती माणसे बसली आहेत, याचा विचार त्यानंतरचा.

'डोक्यातले ज्ञान' म्हणता ते एखाद्या उदाहरणाने सांगाल का?

समजा, १९९६ ला पदवी घेतलेल्या एका बाईंचा टोरांटोहून ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, अर्ज आला. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. दुसऱ्या वर्षानंतर त्यांनी महाविद्यालय बदललेले. तिकडच्या मूल्यांकन संस्थेला कागद विद्यापीठाकडूनच गेलेले हवेत.

नवा लिपिक निकालाचे लेजर उघडतो. बाईंनी जोडलेल्या गुणपत्रकात एका विषयाला ५२ आहेत, लेजरमध्ये ४१. तो नियमाप्रमाणे 'तफावत आढळते' असा शेरा मारून फाइल वर पाठवतो. वरून 'पडताळणी करावी' म्हणून ती खाली येते. मग महाविद्यालयाला पत्र जाते. महाविद्यालयातला त्या काळचा माणूस केव्हाच निवृत्त झालेला. दोन महिने जातात, आणि तिकडे बाईंची मुदत संपते.

शेजारच्या टेबलावरच्या जुन्या मॅडमना हे विचारले असते तर त्या खुर्चीवरून उठल्याही नसत्या. त्या काळात पुनर्मूल्यांकनात वाढलेले गुण मूळ लेजरमध्ये चढवत नसत, त्यांची वेगळी वही होती, आणि ती वही अभिलेख कक्षात लेजरांबरोबर नसून पुनर्मूल्यांकनाच्या गठ्ठ्यात आहे, हे त्यांना पाठ आहे. दहा मिनिटांचे काम. ही गोष्ट कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही, कारण ती नियम म्हणून कधी ठरलीच नव्हती. त्या वेळच्या माणसांनी सोयीसाठी घातलेली रीत होती.

मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा विभागात 'पाच हजार बेचाळीस अ' एवढे म्हटले तरी जुन्या माणसाला उत्तीर्ण होण्यासाठीच्या सवलतीच्या गुणांचा अध्यादेश कळतो. क्रमांक कुठेही छापलेला मिळेल. तो कोणत्या प्रकरणाला लागतो, कोणत्याला लागत नाही, आणि दोन सवलती एकदम मागितल्या तर काय पाहायचे, हे प्रकरणे हाताळूनच अंगवळणी पडते.

मग ते सरळ लिहून का काढत नाहीत?

काढता येईल तेवढे काढलेच पाहिजे. मायकेल पोलानी या विचारवंताने १९६० च्या दशकात मांडले की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते. म्हणून 'आपल्या कामाची माहिती दोन पानांत लिहून द्या' असा आदेश काढला की हाती येते ती बहुधा कामांची यादी: आवक घेणे, जावक करणे, टिप्पणी सादर करणे. त्यातून कोणी काही शिकत नाही.

उपयोगी पडते ते प्रकरणागणिक लिहिणे. एखादे अडलेले प्रकरण सुटले की त्याच दिवशी पाच ओळी: काय अडले होते, कुठे पाहिले, कोणता आधार सापडला, पुढच्या वेळी काय करावे. वर्षभरात अशी शंभर टिपणे जमली तरी तो विभाग वेगळा दिसू लागतो.

उरलेला भाग मात्र जवळ बसूनच येतो. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी याचे सुरेख उदाहरण दिले आहे. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवण्याचे यंत्र तयार करत होती आणि कणीक काही केल्या नीट मळली जात नव्हती. शेवटी कंपनीतली एक तंत्रज्ञ ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे शिकायला राहिली. तो कणीक ओढताना तिला एक विशिष्ट पीळ देतो हे तिथे तिच्या लक्षात आले. कारागिराने स्वतः ते कधी शब्दांत सांगितले नव्हते, पण त्या पिळावरून यंत्र सुधारले. कार्यालयातही जुना माणूस फाइल हातात घेतल्यावर आधी कोणते पान उलटतो, हे शेजारी बसणाऱ्यालाच दिसते.

महाराष्ट्रात याआधी असे काही झाले आहे का?

झाले आहे, आणि त्याचा आपल्याला विसर पडू नये. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची जी घडी बसवली ती 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली जाते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण आणि टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे ही पद्धत आजही शासकीय कार्यालयांत शिकवली जाते. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे ते सहा गठ्ठे.

यातला चौथा, स्थायी आदेशांचा गठ्ठा, ज्ञान व्यवस्थापनाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. त्या टेबलाला लागणारे सगळे चालू आदेश एका जागी, आणि माणूस बदलला की तो गठ्ठा नव्याच्या हाती. विद्यापीठातल्या कित्येक विभागांत आज संगणक आहेत, पण ही संचिका नाही. एखाद्या विषयावर सात परिपत्रके निघालेली असतात आणि शेवटचे कोणते, पहिल्यातले कोणते कलम अजून चालू आहे, हे सांगायला पुन्हा माणूसच शोधावा लागतो. नवे परिपत्रक काढताना 'या विषयावरची यापूर्वीची अमुक परिपत्रके रद्द' ही एक ओळ लिहायची शिस्त लागली तरी खालच्या टेबलांवरचा कितीतरी वेळ वाचेल.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका ठेवणे सार्वजनिक प्राधिकरणांना बंधनकारक केले आहे. ही सूची नागरिकांइतकीच आपल्या स्वतःच्या माणसांच्या उपयोगाची आहे.

एक माणूस निवृत्त झाला की विभाग का लंगडतो?

कारण निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ असते, पण काम हाती देण्याला दिवसच नेमून दिलेला नसतो. शिक्षकेतर कर्मचारी ५८ व्या वर्षी, चतुर्थ श्रेणीतले ६० व्या वर्षी निवृत्त होतात. जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर असते. म्हणजे ही तारीख नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरीही त्या जागेवर येणारा माणूस ठरतो तो जाणारा गेल्यावर, आणि पद रिक्त राहिले तर कधी ठरतही नाही.

निदान सहा महिने आधी उत्तराधिकारी ठरवून दोघांना एका टेबलावर बसवावे. एक संपूर्ण परीक्षा सत्र, म्हणजे अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत, दोघांनी मिळून काढले की बरेचसे हस्तांतरण आपोआप होते. त्यातही पहिले तीन महिने जुन्याने काम करायचे आणि नव्याने पाहायचे, पुढचे तीन महिने नव्याने करायचे आणि जुन्याने पाहायचे. हा उलटा क्रम बहुतेक ठिकाणी राहून जातो, आणि खरे शिक्षण त्यातच असते.

लोक माहिती दडवतात, त्याचे काय करायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुधा रागाने विचारला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे. वीस वर्षे एका जागी काढलेल्या, बढती मिळालेली नसलेल्या, कोणत्याही बैठकीला न बोलावलेल्या वरिष्ठ लिपिकाकडे मान मिळवण्याचा एकच मार्ग उरतो: 'हे फक्त त्यांनाच माहीत आहे.' ती माहिती त्याने तीन पानांवर लिहून दिली, तर उद्या त्याला कोण विचारणार? त्याची भीती खोटी नाही. अनेक ठिकाणी तसेच घडते. टिपण एकाने लिहायचे आणि सादरीकरण साहेबांच्या नावाने व्हायचे.

ज्ञान व्यवस्थापन आणि गुंतवणूक या दोन गोष्टी इथे एकमेकींना भेटतात, आणि म्हणूनच त्यांचा वेगवेगळा विचार करून भागत नाही. माणसाच्या डोक्यातले आदेशाने बाहेर काढता येत नाही. तो ते देतो, आणि देण्यासाठी त्याला कारण लागते. टिपणावर त्याचे नाव राहू द्या. नव्या भरतीच्या प्रशिक्षणात बाहेरच्या व्याख्यात्याऐवजी त्यालाच शिकवायला उभे करा आणि त्याचे रीतसर मानधन द्या. नियमात बदल होणार असेल तर मसुदा आधी त्याला दाखवा. 'साहेब, हे असे केले तर पुनर्परीक्षेवाल्यांचे काय?' हा प्रश्न त्याच्याच तोंडून येईल, आणि तो अध्यादेश निघायच्या आधी आलेला बरा.

पगार आणि बढतीचे प्रश्न सुटल्याशिवाय गुंतवणूक वगैरे बोलणे म्हणजे वरवरची मलमपट्टी नाही का?

बऱ्याच अंशी हो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा मागण्यांत आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी) आणि सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हे विषय होते. दहा-दहा वर्षे एकाच पदावर अडकलेल्या माणसाला आश्वासित प्रगतीचा लाभ मिळणे हा त्याच्या हक्काचा भाग आहे. त्याजागी कौतुकाचे प्रमाणपत्र देऊन चालणार नाही.

पण पगार वेळेवर आणि पुरेसा मिळूनही काम थंड असलेले विभाग आपण पाहतोच. समाधानी माणूस तक्रार करत नाही. गुंतलेला माणूस काम सुधारायला बघतो. पगाराने पहिली गोष्ट साधते. दुसरीसाठी कामात थोडे स्वातंत्र्य लागते, वरिष्ठ ऐकून घेणारा लागतो आणि आपल्या कष्टाचे पुढे काय झाले ते कळावे लागते. पदव्युत्तर प्रवेशाची यादी वेळेत लागली, तर त्यासाठी रविवारी आलेल्या चार लिपिकांना ते कोणी सांगतही नाही. एवढे सांगायला खर्च काहीच येत नाही.

विद्यापीठातल्या कर्मचाऱ्याची उत्पादकता मोजायची कशी? निकालात काढलेल्या फाइलींची संख्या धरावी का?

नुसती संख्या धरली तर सोप्या फाइली आधी उचलल्या जातात आणि टोरांटोच्या बाईंचा अर्ज तळाशी जातो. शिवाय फाइल 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' पाठवली तरी ती टेबलावरून हललेली दिसते. काम मात्र पुढे सरकलेले नसते.

बघावे ते असे. अर्ज आल्यापासून अर्जदाराच्या हातात कागद पडेपर्यंत किती दिवस गेले. एक फाइल किती वेळा मागे आली. तीच त्रुटी पुन्हा पुन्हा निघते का. निघत असेल तर दोष अर्जाच्या नमुन्यातच आहे. आणि टेबलावरचा माणूस रजेवर गेला तर काम थांबते की चालते. ही शेवटची कसोटी मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण माहिती एका माणसात अडकली आहे की विभागात पसरली आहे हे तिच्यातून लगेच कळते.

कायद्यानेही काही मापे घालून दिली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, निकाल लावायचा आहे. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्यात एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये असे आहे. विद्यापीठातल्या विभागानेही हे माप स्वतःहून लावून पाहायला हरकत नाही. फक्त त्याचा उपयोग अडथळा शोधण्यासाठी व्हावा. मोजमापाचे रूपांतर कारणे दाखवा नोटिशीत झाले की पुढच्या महिन्यापासून आकडे चांगले येऊ लागतात, काम तिथेच राहते.

चांगले सॉफ्टवेअर घेतले की हे प्रश्न मिटतील ना?

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घेतला आणि तो त्याच उन्हाळ्याच्या परीक्षांना लावला. ४७७ परीक्षांचे निकाल अडकले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या तक्रारी आल्या, पुढच्या प्रवेशांसाठी धावणाऱ्या विद्यार्थ्यांचे हाल झाले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले.

पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणे ही कल्पना वाईट नव्हती. आज ती अनेक ठिकाणी व्यवस्थित चालते. पण परीक्षेचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसांना विचारून, एका छोट्या विद्याशाखेत एखादे सत्र चालवून, मग ती वाढवायला हवी होती. पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेपासून सुटली तर काय करायचे, बारकोड वाचला गेला नाही तर पुढची पायरी कोणती, ज्या शिक्षकांनी कधी असे तपासलेच नाही त्यांना किती सराव लागेल, हे प्रश्न कॅप केंद्रावर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याच्या मध्यवर्ती केंद्रावर, काम केलेला कोणीही पहिल्याच बैठकीत विचारतो, जर त्याला बैठकीला बोलावले तर.

दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली 'समर्थ' ही विद्यापीठाच्या प्रशासकीय कामांची संगणक प्रणाली आता देशभरच्या विद्यापीठांत वापरली जाते आणि महाराष्ट्रातली विद्यापीठेही तिच्याकडे वळत आहेत. विद्यार्थ्यांचे श्रेयांक ऑनलाइन साठवणारी श्रेयांकांची शैक्षणिक बँक, डिजीलॉकर यांमुळे नव्या विद्यार्थ्यांच्या नोंदी शोधण्याचा त्रास पुष्कळच कमी होईल. पण जुन्या लेजरमधली नोंद संगणकात चढवताना तिचा अर्थ लावणारा माणूस लागतोच, आणि तो निवृत्त व्हायच्या आत हे काम व्हायला हवे. घाई करायची असेल तर ती इथे करावी.

कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून गुंतवणुकीची अपेक्षा ठेवणे योग्य आहे का?

अकरा महिन्यांच्या आदेशावर असलेल्या मुलीला सगळी प्रणाली येते, फोनवर विद्यार्थ्यांना तीच सांभाळते, आणि बाराव्या महिन्यात ती असेल की नाही हे तिला ठाऊक नसते. तिच्याकडून निष्ठेची अपेक्षा करण्याआधी तिला पुढच्या आदेशाबद्दल वेळेत सांगावे. कामापुरते बोलायचे तर प्रणालीचे पासवर्ड, मजकुराचे नमुने, प्रकरणांची टिपणे ही विभागाच्या खात्यावर असावीत, तिच्या खासगी मोबाइलवर नकोत. आज अनेक विभागांची निम्मी स्मरणशक्ती कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. मोबाइल बदलला की ती गेली.

नॅकच्या वेळी सगळी माहिती गोळा होतेच. तेच ज्ञान व्यवस्थापन नाही का?

नॅक म्हणजे विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिची स्थापना १९९४ ची, आणि तिच्या सात निकषांमुळे विद्यापीठांना नोंदी ठेवायची सवय लागली हे मान्यच करावे लागेल. पण पाच वर्षांची माहिती समिती यायच्या आधी पाच आठवड्यांत जमवायची, त्यासाठी विभागांना एकच तक्ता तीन वेगवेगळ्या नमुन्यांत भरायला लावायचा, आणि समिती गेली की गठ्ठे बांधून ठेवायचे, असे बऱ्याच ठिकाणी चालते. या काळात कर्मचारी सगळ्यात जास्त थकतात. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने एकदा मागितलेली माहिती पुन्हा मागायची नाही, एवढा नियम स्वतःला घालून घेतला तरी विभाग मोकळा श्वास घेतील.

सगळीच माहिती सगळ्यांना खुली करायची का?

नाही. प्रश्नपत्रिका, परीक्षकांची नावे, निकालाआधीचे गुण, चौकशीची कागदपत्रे, विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती यांना कुलूप हवेच. पण गोपनीयतेच्या नावाखाली साधी कार्यपद्धतीही कपाटात जाते. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाचा प्रवास कोणत्या टेबलांवरून होतो, यात गोपनीय काहीच नाही. तो भिंतीवर लावावा.

शिक्षक आणि शिक्षकेतर यांच्यातली दरी कामावर परिणाम करते का?

करते. अभ्यासमंडळ नवा अभ्यासक्रम मंजूर करते. त्याचे संगणकात कोड कसे पडतील, राहिलेल्या विषयांची समकक्षता कशी लावायची, हे त्या बैठकीत कोणी विचारत नाही. सप्टेंबरमध्ये परीक्षा अर्ज सुरू झाले की ते उघडे पडते आणि दोष लिपिकावर येतो. परीक्षा विभागातला एक अनुभवी माणूस अभ्यासमंडळाच्या बैठकीत सल्ल्यासाठी बसवला तर दोन्ही बाजूंचे काम हलके होते. जिथे प्राध्यापक लिपिकाला नावाने ओळखतात आणि त्याच्या टेबलापाशी स्वतः जाऊन बोलतात, तिथे पत्रव्यवहारही कमी होतो.

कुलगुरू पाच वर्षांत बदलतात. प्रत्येक जण नवी योजना आणतो. मग हे टिकणार कसे?

वरून आलेल्या योजनेवर सगळे टांगून ठेवले तर टिकत नाही. स्थायी आदेशांची संचिका, प्रकरणांची टिपणे, निवृत्तीपूर्व सहा महिन्यांची जोडी या गोष्टी कक्षाधिकाऱ्याच्या पातळीवर चालतात आणि त्यासाठी व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. उपकुलसचिवांनी महिन्यातून एकदा टिपणांची वही मागवून पाहिली तरी पुरे. जिथे वरिष्ठ ती वही वाचतात, तिथे लोक लिहितात.

आमचे महाविद्यालय लहान आहे. कार्यालयात चारच माणसे. कुठून सुरुवात करू?

चौघांची एकेक आठवडा टेबले बदलून पाहा. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत नको, दिवाळीनंतर काम जरा सैल असते तेव्हा करा. शिष्यवृत्तीचे काम करणाऱ्याने सेवापुस्तके हाताळायची, रोखपालाने शिष्यवृत्तीचे पोर्टल उघडायचे. पैशांच्या व्यवहाराची जबाबदारी मात्र नेमलेल्या माणसाकडेच ठेवा. ज्या-ज्या ठिकाणी कोणी अडून 'हे कसे करायचे?' असे विचारेल, तो प्रश्न आणि त्याचे उत्तर एका वहीत लिहा. आठवड्याअखेर चहाबरोबर ती वही चौघांनी मिळून वाचा. मुख्य लिपिकांनी स्वतःची अडलेली जागा आधी वाचून दाखवली तर बाकीचे मोकळे होतील.

फरक दिसायला किती वेळ लागतो?

एक पूर्ण शैक्षणिक वर्ष तरी द्यावे लागते, कारण विद्यापीठातली कामे वर्षातून एकदाच फिरून येतात. पहिल्या वर्षी टिपणे लिहिण्याचे ओझेच वाटेल. दुसऱ्या वर्षी पात्रता प्रमाणपत्रांचा हंगाम सुरू झाला आणि नव्याने आलेल्या मुलाने कोणालाही न विचारता वही उघडली, की ते ओझे कशासाठी उचलले होते ते विभागाला दिसते.